झोपणारे आर्किटेक्ट

परवा दुपारी ऑफिसच्या दारात एक जोडपं येऊन उभं राहिलं. मिरजेचं होतं. बाईंच्या हातात पिशवी, नवऱ्याच्या काखेत घराच्या जुन्या नकाशाची गुंडाळी.

"ते झोपणारे आर्किटेक्ट इथंच बसतात का हो?" बाईंनी विचारलं.

"बसायचे," मी म्हटलं. "गेल्या श्रावणात गेले."

"अगंबाई!" बाई मटकन खुर्चीवर बसल्या. "आणि आम्ही त्यांच्यासाठी गादी पिंजून घेतली हो!"

मला आधी हसू फुटलं आणि मागोमाग रडू. माझं असं सहसा होत नाही. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. घरं पडू नयेत म्हणून आकडेमोड करणं हा माझा धंदा, आणि स्वतः कोसळणं मला अजिबात आवडत नाही. पण त्या गादीनं घात केला. जोडप्याला चहा पाजला, दुसऱ्या एका आर्किटेक्टचा नंबर दिला आणि पाठवून दिलं. मग बराच वेळ पलीकडच्या रिकाम्या टेबलाकडं बघत बसले.

हणमंतराव सूर्यवंशी आणि मी एकाच ऑफिसात बसायचो. सांगलीत गावभागात, वरच्या मजल्यावर. खालचा मजला आम्ही मुद्दामच घेतला नाही, तिथं कृष्णामाई अधूनमधून येऊन जाते. ते आर्किटेक्ट, मी इंजिनिअर, मधे एक कपाट. कपाटाच्या अलीकडं माझं टेबल, फायली, सगळं जिथल्या तिथं. पलीकडं त्यांचा पसारा: ट्रेसिंग पेपरच्या सुरळ्या, कुणाच्या तरी घरातनं निघालेल्या कड्या-बिजागऱ्या, दोन-चार फुटकी कौलं आणि भडंगाचं उघडं पुडकं. मला ते 'स्टीलवाल्या बाई' म्हणायचे. माझं डिझाइन हातात पडलं की पलीकडनं आवाज यायचा, "ओ स्टीलवाल्या बाई, माणसाला घर बांधायचंय, रेल्वेला पूल न्हाई!" मी सळई जरा जास्त घालते हे खरं आहे. माझं एकही घर आजवर पडलेलं नाही हेही खरं आहे, पण ते त्यांना कधी दिसलं नाही.

गडी पाटणकडच्या एका खेड्यातला. वडील फौजेत. शिकायला पुण्याला गेले ते गावाकडची भाषा घेऊन गेले आणि तीच भाषा, कुठंही न खरचटता, परत घेऊन आले. अंगानं आडवे, पांढरा बुशशर्ट, कानावर पेन्सिल. पेन्सिल कानावर ठेवून सगळ्या ऑफिसभर पेन्सिल शोधायची सवय. गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. गुरुवार हा साताऱ्याच्या कामांचा दिवस; त्या दिवशी मी गाडी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसून रस्त्याकडेच्या प्रत्येक नव्या बंगल्याला नावं ठेवायची. "बगा बगा, हे बगा. घर हाय का मिठाईचा बॉक्स?"

त्यांच्याकडं यायची ती सगळी जुन्या घरांची कामं. मुलाचं लग्न ठरलंय आणि घरात एकच बाथरूम आहे. आई-बाबांना जिना चढवत नाही. भाऊ वेगळे व्हायचेत. गाडी घेतली पण अंगणात शिरत नाही. दुसरे आर्किटेक्ट असल्या घरी आले की पहिल्या भेटीत म्हणायचे, 'पाडा, नवीन बांधू.' हणमंतराव म्हणायचे, "आदी जेवू. मग झोपू. मग बगू."

आणि ते खरोखर जेवायचे. यजमानाच्या घरी, पाटावर किंवा टेबलावर, जिथं घरचे बसतील तिथं. आणि जेवण झालं की तोंड पुसत विचारायचे, "पडायला कुठं जागा हाय?" लोक बिचारे चकित व्हायचे. नव्या सुनांची तर फार पंचाईत व्हायची. परका माणूस, आर्किटेक्ट म्हणून आलेला, माजघरात सतरंजीवर उताणा पडून घोरतोय! शेजारीपाजारी डोकावून जायचे. एकदा साताऱ्यात एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "यांना काही आजार आहे का?"

आजार नव्हता, पद्धत होती. मला ते गुपित बऱ्याच उशिरा कळलं. हणमंतराव झोपायचेच नाहीत. त्यांना जागेपणी घोरता यायचं.

"पाहुणा जागा असला की माणसं पाहुण्यासमोर वागल्यागत वागत्यात," त्यांनी मला गाडीत सांगितलं. "त्यो घोरायला लागला की घरातल्यागत वागत्यात. कोण कुठनं जातं, कोण कुणाला हाक मारतं, कुठल्या कोपऱ्यात भांडत्यात, कुठं जाऊन गप बसत्यात. ह्ये सगळं काय नकाशात असतं व्हय?"

"म्हणजे तुम्ही चोरून ऐकता," मी म्हटलं.

"ऐकतो. पण घोरून ऐकतो. चोरून कुठं?"

मला राग आला होता. पण साताऱ्याला शनिवार पेठेतल्या दोन भावांचं काम झालं आणि मी तो राग सोडून दिला.

भाऊ म्हणजे आप्पा आणि नाना. वडिलांनी बांधलेलं चांगलं दणकट विटांचं घर, त्याची वाटणी करायची होती. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. का बोलत नव्हते ते त्यांनाही आता नीट सांगता येत नव्हतं, पण बोलत नव्हते. आम्ही गेलो तेव्हा आप्पांनी पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जमिनीवर खडूची रेघ मारून ठेवलेली होती. ती बैठकीतनं निघाली, माजघरातनं गेली आणि स्वयंपाकघराचे बरोबर मधोमध दोन तुकडे करून परसात बाहेर पडली. नानांनी तीच रेघ पुन्हा मोजून तिच्यावरनं दुसऱ्या रंगाच्या खडूनं आपली रेघ मारली होती. दोन्ही रेघा एकावर एकच होत्या, पण दुसऱ्याची रेघ मान्य करायची कशी?

"रेघेवर भिंत घाला," आप्पा म्हणाले.

"माझ्या रेघेवर," नाना भिंतीकडं बघून म्हणाले.

हणमंतराव जेवले. आधी आप्पांकडं, मग भांडण नको म्हणून नानांकडं. एवढं जेवल्यावर ते त्या दिवशी खरंच झोपणार असं मला वाटलं. पण रेघेवरच आडवे झाले, निम्मे याच्या हद्दीत निम्मे त्याच्या, आणि घोरायला लागले. मी मापं घेत हिंडत होते. भाऊ आपापल्या बाजूला पेपर वाचत होते. तेवढ्यात आतनं, स्वयंपाकघरातनं, हसण्याचा आवाज आला. दोघी जावा तिथं बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर धाकटीच्या निवडायच्या मेथीची जुडी, धाकटीच्या हातात थोरलीच्या पोराचा तुटक्या बटणांचा शर्ट. आणि दोघी मिळून आपापल्या नवऱ्यांच्या नकला करत होत्या. थोरलीनं आप्पांची अशी हुबेहूब केली की घोरणं मधेच दचकलं आणि पुन्हा सुरू झालं.

परत येताना कऱ्हाड आलं तसे हणमंतराव म्हणाले, "ह्यांची वाटणी झालीया. त्या दोघींची कुठं झालीया?"

भिंत घातली. रेघेवर, दोन्ही रेघांवर. फक्त स्वयंपाकघरात ओट्याच्या वरच्या उंचीला एक चौकोन मोकळा ठेवला, एक चांगली मोठी परात आरपार जाईल एवढा. आप्पांनी बघितलं आणि फोन केला. आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागला. "भिंतीत भोक? आम्ही भिंत सांगितली होती!"

"आवं, व्हेंटिलेटर हाय त्यो," हणमंतराव शांतपणे म्हणाले. "आमच्या इंजिनिअर बाईंनी सांगितलंय. हितंच हाईत, बोला त्यांच्याशी." आणि फोन माझ्या हातात.

मी म्हटलं, भिंत लांब आहे, धुराला वाट पाहिजे, बांधकामाच्या दृष्टीनं मोकळी जागा असलेली चांगली. हे म्हणजे साफच खोटं होतं असं नाही. जरा जास्त सळई घातली, एवढंच. आप्पा 'इंजिनिअर बाई' म्हटल्यावर नरमले.

काम पुरं झाल्यावर आम्ही एका गुरुवारी शेवटची फेरी मारायला गेलो. आप्पांकडं पान वाढलेलं होतं. त्या व्हेंटिलेटरातनं एक बांगड्यांचा हात आला, आमटीची वाटी ओट्यावर ठेवून गेला. आप्पांनी भुरका मारला, जरा थांबले आणि भिंतीकडं बघून म्हणाले, "नान्याला म्हणावं, तिखट खाऊ नको, तुला पित्त होतं."

पलीकडनं नानांचा आवाज आला, "कळतंय मला."

हणमंतरावांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते कंदी पेढा खाण्यात गुंग असल्याचं सोंग करत होते.

आता एवढा हुशार माणूस, पण त्याला मोकळी जमीन दाखवली की त्याचं पार माकड व्हायचं. जुन्या घरात शिरले की राजे. कोऱ्या प्लॉटवर उभं केलं की खिशात हात घालून नुसते गवताकडं बघत राहायचे. "हितं कायच न्हाई ओ," म्हणायचे. "इचारू कुणाला?"

तरी इस्लामपूरच्या एका निवृत्त सुभेदारांनी त्यांना गाठलंच. नाव जयसिंगराव. ऊस मजबूत, पेन्शन वेगळी, मिशा टोकदार. उत्तरेत कुठंतरी नोकरीला असताना त्यांनी एका बड्या साहेबाचा बंगला पाहिला होता आणि तसाच पाहिजे होता. "दोन मजली उंचीचा हॉल. होम थिएटर. सगळं एकदम फर्स्ट क्लास, और टाइम पे!" हणमंतरावांनी सवयीनं विचारलं, "तुमच्या घरात भांडणं कुठल्या खोलीत होत्यात?" सुभेदारांचा चेहरा तांबडालाल झाला. "आमच्या घरात भांडणं होत नाहीत!" ते असे ओरडले की आतल्या बायका गप्प झाल्या. मग काय, निमूट नकाशा काढून दिला. मीही डिझाइन केलं, सळई घातली. माझ्याही लक्षात आलं नाही.

भूमिपूजनाला मांडव, गुलाल, भावकी, सगळा थाट. नकाशा मोठा करून फळ्यावर लावलेला. सुभेदार काठीनं एकेक खोली दाखवत होते, लढाईचा बेत सांगितल्यासारखे. पाहुणे मान डोलवत होते. त्यात सुभेदारांच्या आई पुढं आल्या. त्यांनी नकाशावर नाक टेकवून सगळा बंगला फिरून बघितला आणि मागं वळल्या.

"साहेब, समदं ग्वाड हाय. पर द्येव कुठं बसवायचं?"

भटजींनी पळी खाली ठेवली. मी हणमंतरावांकडं बघितलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावरनं कळलं की हा माणूस देवघर विसरलाय. विसरलाय म्हणजे काय, त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. जुन्या घरात देव असतातच की आधीपासून! त्यांना कुणी बसवायचं नसतं, फक्त हलवायचं नसतं. आयुष्यभर त्यांनी देवांना चुकवून भिंती घातल्या होत्या. देवांना जागा द्यायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.

पण गडी मुरलेला. एक क्षणभर घाम पुसला आणि सरळ जाऊन होम थिएटरवर बोट ठेवलं.

"हितं, आई. मुद्दाम द्येवाचं नाव दिलं न्हाई. द्येवाच्या खोलीला नकाशात नाव देऊ नये."

"व्हय का!" म्हातारी हरखली. "एवढी मोठी?"

"द्येव लहान असत्यात व्हय?"

सुभेदारांनी काठी खाली घातली. आईसमोर बोलायची त्यांची काय बिशाद. इस्लामपूरला आजही आवाज न घुमणाऱ्या भिंतींचं, मखमली पडद्याचं देवघर आहे, आणि आरती तिथं फार सुरेख ऐकू येते म्हणतात.

लोकांनी हे सगळं हसून सोडून दिलं. ज्या बाईला हसून सोडून देता येत नव्हतं त्या म्हणजे सुलभावहिनी, त्यांची बायको.

वहिनी तासगावच्या. द्राक्षबागेतल्या घरात वाढलेल्या, सांगलीत शाळेत शिक्षिका. त्यांचं लग्न झालं आणि त्या गावभागातल्या एका जुन्या घरात आल्या, ज्याच्यावर हणमंतराव आधी सगळे प्रयोग करून बघत. दुसऱ्याच्या घरात करायचं ते आपल्यात करून बघावं, असा त्यांचा प्रामाणिक हिशेब. पण वहिनींना कुणी विचारलं नव्हतं. "अहो, सकाळी शाळेत जाताना मोरी डाव्या हाताला होती," त्या मला सांगायच्या. "संध्याकाळी पाय धुवायला गेले तर तिथं कपाट! आणि कपाटात माझ्याच साड्या!" ओटा एकदा खिडकीखाली आला, एकदा भिंतीला गेला, एकदा सहा महिने अंगणात राहिला. पाहुणे आले की वहिनींनाच विचारावं लागायचं, 'यंदा संडास कुठं आहे?'

त्यांनी स्वतःच्या पगारातनं विश्रामबागेकडं एक प्लॉट घेऊन ठेवला होता. निवृत्ती जवळ आली, गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या ऑफिसात आल्या. माझ्यासमोरच बोलल्या.

"हे बघा. आपल्या स्वयंपाकघरात आधी म्हैस होती, मग लाकडं, मग तुमची ड्रॉइंग. निजायची खोली म्हणजे कुणाचंतरी दुकान होतं. मी सगळा जन्म दुसऱ्याच्या खोल्यांत काढला. मला एक घर असं पाहिजे की जे आधी कुणाचं काहीच नव्हतं. आणि त्यात कुणी काही हलवणार नाही. गुडघे चालतायत तोवर मला त्यात हिंडायचंय. द्याल का काढून?"

"देतो की," हणमंतराव म्हणाले. एवढ्या लहान आवाजात की मी कपाटाआडनं मान बाहेर काढली.

मग रविवारचे रविवार ते कागद काढून बसले. प्लॉटवर जाऊन उभे राहिले. मोकळ्या प्लॉटवर चादर अंथरून पडूनही बघितलं. शेजारच्या कुत्र्यानं उठवलं. नकाशे व्हायचे, पण प्रत्येकात काहीतरी जुनं शिरायचं.

"ही पायरी कशाला?" वहिनी विचारायच्या.

"असावी."

"पण का?"

"वळायला."

"सगळं सरळ आहे. वळायचंय कुठं?"

कधी कोनाडा, कधी अंधारी खोली, कधी उगीच बुटकं दार. कुणीतरी आधी राहून गेल्यासारखं घर. वहिनी नकाशा घडी करून परत द्यायच्या. भांडायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "तुम्हाला माझं घर सुचत नाही." त्या दिवशी हणमंतराव जेवले नाहीत.

आणि मग जे झालं त्यानं सांगलीच्या आर्किटेक्ट मंडळींना हिवाळाभर पुरेल एवढा विषय मिळाला. माझ्या टेबलावर स्ट्रक्चरल डिझाइनसाठी एक नकाशा आला. काढणारा रोहन, नुकताच शिकून आलेला, कानात इअरफोन घालून काम करणारा पोरगा. मालकाचं नाव: सौ. सुलभा हणमंत सूर्यवंशी.

मी तो घाईघाईनं फायलीखाली सरकवला. पण नेमके त्याच वेळी हणमंतराव पेन्सिल शोधत माझ्या टेबलाशी आले. पेन्सिल कानावरच होती. नकाशा बघितला. उभ्या उभ्या पूर्ण बघितला. परत जागेवर जाऊन बसले.

पलीकडनं आवाज आला. "पोरगं कसं हाय?"

"हुशार आहे," मी म्हटलं.

"लोकांच्या घरी झोपतं का?"

"नाही. लॅपटॉपवर करतं."

"हं." खुर्ची करकरली. "पायरी न्हाई त्यात. सरळ हाय. तिला पायजे तसं हाय." आणि मग, अगदी साधेपणानं म्हणाले, "मला लय लागलं ओ बाई."

मी उठून पलीकडं गेले. मी भडंगाचं पुडकं त्यांच्या पुढं सरकवलं.

पण दुसऱ्या आठवड्यात ते इस्त्रीचा शर्ट घालून, वहिनींच्या मागोमाग, रोहनच्या ऑफिसात हजर. मीही होते. सगळ्या सांगलीत ज्यांना सर म्हणतात ते समोर गिऱ्हाईक म्हणून बसलेले. त्यानं पडद्यावर बंगला फिरवून दाखवला. त्या चित्रांत असतात तशी झाडं, हिरवळ, आणि अंगणात स्कर्ट घातलेली एक गोरी बाई कुत्रं घेऊन चाललेली.

"ही कुणाची सून?" हणमंतरावांनी विचारलं.

"सर, ती... ती उंची कळावी म्हणून असते."

"मग आमच्या हिची उंची घे. हीच तितं राहणार हाय." आणि गिऱ्हाईकं जे जे करतात ते सगळं सुरू झालं. ही खिडकी जरा इकडं, तो जिना जरा तिकडं, हे दार उलटं उघडलं तर? पोरगं घामाघूम. शेवटी वहिनींनी टेबलावर पर्स आपटली.

"रोहन, यांच्याकडं बघू नको. हे गिऱ्हाईक नाहीत. गिऱ्हाईक मी आहे."

हणमंतरावांनी पुढं आलेलं बोट मागं घेतलं, आणि मला वाटतं थोडे खूशही झाले.

घर झालं. सरळ, उजेडाचं, पांढऱ्याशुभ्र भिंतींचं. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे जेवून गेल्यावर वहिनी अनवाणी खोल्याखोल्यांतनं नुसत्या चालत होत्या. ती बाई एवढी आनंदात मी कधी पाहिली नव्हती. "इथं काही हलवायचं नाही," त्यांनी नवऱ्याला बजावलं. आणि नवऱ्यानं शब्द पाळला. एक खिळा ठोकला नाही. पण आयुष्यभराची सवय जाणार कुठं? ते ऑफिसात यायचे आणि माझं कपाट हलवायचे. त्या वर्षी माझं कपाट चारी भिंतींना लागून आलं. मी आरडाओरडा केला, वहिनींसाठी म्हणून सोडून दिला.

मग साताऱ्यात एका घराच्या जिन्यावरनं ते पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पायात काही बळ आलं नाही. चाकांची खुर्ची आली. आणि तेव्हा कळलं की त्या सुंदर घरात निजायच्या खोलीतनं बाथरूमला जाणारं दार अरुंद आहे. खुर्ची जात नाही. रोहन धावत आला, रडायचाच बाकी होता. "सर, स्टँडर्ड साइज आहे हो."

"बरोबर हाय तुजं," हणमंतराव म्हणाले. "दार फोडायचं न्हाई. मी हितंच बादली घेऊन अंग पुसतो."

वहिनींनी विचारलं तरी तेच. मी समजावलं तरी तेच. "ते तिचं घर हाय. तिनं एकच गोष्ट मागितली जन्मात, ती बी मला देता आली न्हाई. दुसऱ्यानं दिली. आता त्याला मी भोक पाडू व्हय?" खुर्चीत बसून, खाली मेणकापड अंथरून, तो आडवा माणूस ओल्या फडक्यानं अंग पुसायचा, आणि वहिनी दाराशी उभ्या राहून बघायच्या.

एके सकाळी वहिनींचा फोन आला. "महादू गवंड्याला घेऊन या. आत्ता."

मी हणमंतरावांना बघितलं ते त्या सकाळी शेवटचं. श्रावणात गेले तेव्हा मी मुलीकडं होते. मी महादूला घेऊन पोचले. भिंत बिनभाराची होती, म्हणजे तिच्यावर छताचं वजन नव्हतं; दारावर टाकायला लोखंडी अँगल मी घेऊनच गेले होते. हणमंतराव खुर्चीत बसून ओरडत होते, "सुलभा, न्हाई म्हणतोय ना! तुजं घर हाय ते!"

"माझं आहे म्हणूनच," वहिनी म्हणाल्या. "मला विचारून फोडायचं. मी सांगते, फोडा. या घरात तुम्ही अंघोळीला जाऊ शकत नसाल तर मी काय पांढऱ्या भिंती चाटू?"

महादू हणमंतरावांकडं एवढी वर्षं काम केलेला. त्यानं छिन्नी भिंतीला लावली आणि सवयीनं त्यांच्याकडं वळला. "साहेब, कुठनं फोडू?"

हणमंतरावांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडं गेला. तसाच मधे थांबला. मग त्यांनी ती पेन्सिल काढून वहिनींपुढं धरली.

"मालकिणीला इचार," ते म्हणाले. "कुठनं पायजे ते ती सांगंल."

वहिनींनी पेन्सिल घेतली. त्यांनी जन्मात भिंतीवर रेघ मारली नव्हती. गुडघे सांभाळत, एक हात भिंतीला टेकून, त्यांनी वरनं खाली एक लांब रेघ ओढली आणि मागं सरून विचारलं, "बरोबर आहे का?"

रेघ चांगली चार बोटं तिरकी होती. अर्ध्या बोटाच्या फरकासाठी या माणसानं बांधून झालेल्या भिंती उतरवलेल्या मी पाहिल्या आहेत. माझं तोंड उघडलंच.

"अहो वहिनी, ती जरा..."

"स्टीलवाल्या बाई, गप बसा," हणमंतराव म्हणाले. त्यांनी मान तिरकी करून ती रेघ वरपासून खालपर्यंत बघितली, मग बायकोकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"लय सरळ हाय," ते म्हणाले. "महादू, मार."